बोट हाय तवर

१

सन २०२४, फाल्गुन महिना. होळी अजून व्हायची होती. घोड नदीकाठच्या रानात ज्वारी काढून झाली होती, कणसं खुडायची तेवढी राहिली होती, आणि उन्हाला धार आली होती.

तात्याबाचा दिवस ठरलेला असे. सकाळी म्हशीचं, मग रान, ऊन डोक्यावर आलं की ओसरीत भाकरी. भाकरीला तो भिंतीकडे तोंड करून बसे. सुवर्णाला, त्याच्या सुनेला, याचं आधी हसू यायचं. सगळं जग अंगणाकडे तोंड करून जेवतं आणि हा म्हातारा भिंतीकडे. पण भिंतीवर, पाण्याच्या रांजणाच्या वर, प्लास्टिकच्या डबीत एक लाल दिवा बसवला होता. गेल्या पावसाळ्यापासून त्या दिव्यावर नजर ठेवणं हे तात्याबाचं काम होतं.

आता काम राहिलं नव्हतं. सवय राहिली होती.

त्या दुपारी त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, वर पाहिलं, तर दिवा लागलेला.

त्यानं तुकडा तोंडात घातला. चावून गिळला. दिवा तसाच.

"सुवर्णा, उन्हाची तिरीप येतीय का गं हितं?"

"न्हाई मामा. ऊन पार अंगणात हाय." सुवर्णा चुलीपुढून उठलीच नाही. "का वो?"

"काय न्हाई."

दिव्याची वायर भिंतीतून बाहेर पडून, शेवग्याच्या फांदीवरून, बांध ओलांडून शमुवेलच्या घरात गेली होती. तिकडच्या टोकाला एक बटन होतं. ते दाबून धरलं तरच इकडे दिवा लागे. बोट उचललं की विझे. तिसरी गत त्याला नव्हती.

शमुवेलला आदल्या रविवारी शिरूरच्या जुन्या मिशनच्या कबरस्तानात पुरला होता. तात्याबानं स्वतः मूठभर माती टाकली होती. घराला कुलूप होतं आणि किल्ली तात्याबाच्या करदोट्याला होती.

२

दोघांची सावड होती. तात्याबाचा एक बैल, शमुवेलचा एक. दोन्ही जुंपले की औत होई. आज याचं रान, उद्या त्याचं. तात्याबा चौथीत शाळा सोडलेला, शमुवेल मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेला, पण नांगराला दोघांची मूठ सारखीच. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले. सावड राहिली. खुडणीला, मळणीला, विहिरीतला गाळ काढायला.

सावडीला कागद नसतो, पण रीत असते. बैलाचा दिवस बैलानं फेडायचा, माणसाचा माणसानं. पैशानं ती फिटत नाही. आणि ज्याचं येणं बाकी असेल त्यानं ते मागावं लागतं. न मागता फेडायला जाणं म्हणजे त्याच्या दारात उभं राहून, एकदाचं मिटव बाबा, म्हणण्यासारखं. तो अपमान.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तात्याबा गोठ्यात पडून होता. मुलगा साखर कारखान्यावर अडकलेला, सुवर्णा स्वतः तापानं फणफणलेली. गावात कोणी कोणाच्या सावलीला उभं राहत नव्हतं. शमुवेल आला. तोंडाला उपरणं बांधून गोठ्यात टेकला आणि तात्याबाचं मनगट धरून बसून राहिला. औषध त्याच्याकडे नव्हतं, बोलणंही फारसं नव्हतं. मनगट मात्र त्यानं सोडलं नाही. तात्याबाला मागाहून आठवायचं ते एवढंच, की आपण खोल खाली चाललो होतो आणि वरून कोणीतरी धरून ठेवलं होतं.

उठून बसल्यावर तो म्हणाला, "ही सावड राहिली माझ्याकडं."

"राहू दे की. मला काय घाई हाय?" शमुवेल हसला. "माझी येळ आली की मागून घीन."

"माग म्हंजी झालं. मी उरावर घिऊन जायचा न्हाई."

गेल्या पावसाळ्यात शमुवेलला अर्धांगवायूनं पाडलं. वाचा गेली, डावी बाजू गेली. उजव्या हाताची बोटं तेवढी हलत. त्याची मुलगी दबोरा शिक्रापूरला कंपनीत होती, कंपनीच्या बसनं रोज ये-जा करायची. ती ड्यूटीवर असताना बापानं हाक कशी मारायची? तिनं इलेक्ट्रॉनिक्स नव्यानं शिकणाऱ्या पोरांसाठी मिळतं तसलं एक किट मागवलं. भोकाभोकांची पांढरी पाटी, रंगीत वायरी, दिवे, आणि चार पायांची इवली इवली बटनं.

पहिलं बटन तात्याबानंच पाटीवर बसवलं. दाबलं, दिवा लागला. बोट उचललं, विझला.

"बोगस हाय," त्यानं निकाल दिला. "मोटरीच्या स्टार्टरचं हिरवं बटन एकदा दाबलं की मोटर चालू ती चालू. लाल दाबस्तवर थांबत न्हाई. त्याला बटन म्हणत्यात."

"आबा, हे त्यातलं न्हाई. हे धरून ठिवावं लागतं. बोट हाय तवर दिवा."

तात्याबाला कोणाकडून शिकायची सवय नव्हती. त्यानं बटन उपटलं, आडवं फिरवलं आणि परत खुपसलं. आता दिवा न दाबताच लागला आणि लागलेलाच राहिला.

"हां! बघ आता कसं सरळ आलं."

दबोराला हसू आवरेना. "अवो आबा, ह्याचे दोन-दोन पाय आतनं जोडलेलेच असत्यात. तुम्ही आडवं लावलं म्हंजी बटन असून नसल्यावानी झालं. आता पप्पांनी दाबलं काय आन् न्हाई दाबलं काय!"

खाटेवर शमुवेलच्या घशातून घरघर आली. तीही हसण्याचीच होती.

तिनं बटन सरळ लावून दाखवलं. कान देऊन ऐकायला लावलं. दाबताना एक टिक, सोडताना एक टिक. "दुसरी टिक आली न्हाई म्हंजी समजा, बोट अजून बटनावर हाय."

मग खुणा ठरल्या. एकदा दाबलं की पाणी. दोनदा म्हणजे कूस बदल.

"आन् नुसतं धरून ठिवलं तर?" दबोरानं विचारलं.

"तर, ये आन् बस." तात्याबा शमुवेलकडे बघून बोलत होता. "त्यो आमचा जुना इषय हाय."

शमुवेलनं डोळे मिटून उघडले.

दिव्याबरोबर वाजायला बझरही लावून पाहिला होता. पण त्याच्या किंचाळण्यानं म्हैस पान्हा चोरायला लागली, म्हणून तो काढला आणि दिवाच ठेवला. तात्याबा भिंतीकडे तोंड करून जेवू लागला तो तेव्हापासून.

पावसाळा सरला, थंडी सरली. शमुवेलनं पाणी मागितलं, कूस मागितली. धरून मात्र बटन त्यानं कधी ठेवलं नाही. तात्याबा वाट बघत राहिला. मग एका पहाटे दुसरा झटका आला आणि शमुवेलला दौंडच्या दवाखान्यात काचेमागे नेलं. आत कोणाला सोडत नव्हते. तात्याबा जिन्याखालच्या बाकावर बसून राहिला. पण जिन्याखाली बसून मनगट धरता येत नाही. शमुवेल गेला तेव्हा त्याच्याजवळ कोणी नव्हतं.

३

भाकरी अर्धी टाकून तात्याबा बांध ओलांडून गेला. कुलूप काढलं. आत निलगिरीच्या तेलाचा वास अजून होता. भिंतीवरचं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर फेब्रुवारीतच थांबलं होतं. लोखंडी खाट, तिच्यावर गादी, गादीवर दबोरानं ताणून अंथरलेली धुवट चादर. आणि उशीजवळ, उजव्या हाताशी, बटन.

तो वाकला. बटन मोकळं होतं. लाल टोपी वर.

वायरीचे दोन्ही जोड त्यानं बोटांनी चाचपले. चिकटपट्टी जागच्या जागी होती. उंदरानं कुरतडली असेल म्हणून भिंतीकडेनं वायर हातात घेत दारापर्यंत गेला. कुठे दात लागलेला नव्हता. दव पडून जोडात ओल शिरली असेल, म्हणावं तर फाल्गुनात, भर दुपारी ओल कुठली?

परत आला तर ओसरीत दिवा विझलेला होता.

"म्हातारपण," तो स्वतःशीच म्हणाला. "डोळं ऱ्हायलं न्हाईत."

डोळ्यांना बोल लावून त्यानं उरलेली भाकरी खाल्ली. पण एक गोष्ट त्याच्या डोळ्यांनी नीट पाहिली होती, आणि ती मागाहून, म्हैस धुताना, त्याच्या ध्यानात आली. चादर खाटेच्या चारी बाजूंनी ताणून खोचलेली होती. तरी मधोमध ती गादीच्या खळग्यात टेकली होती. ताणलेली चादर खळग्यावर तरंगते. ती खाली बसायला वर काहीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. तिसऱ्या दिवशीही. त्याच वेळेला असं नाही. कधी सकाळी, कधी ऊन कलताना. पण लागला की लागून राही. तात्याबा बघत बसे आणि जागचा उठत नसे. त्यानं उभ्या जन्मात साप हातानं बाजूला केले होते, विहिरीत दोराशिवाय उतरला होता. पण तो बांध आता त्याच्यानं ओलांडवेना.

"मामा, त्यातलं सेल काढू का?" सुवर्णानं एकदा विचारलं. तिनंही पाहिलं होतं तर.

"हात लावू नकू."

"मग दबोराताईला तरी फोन करते."

"कर."

४

दबोरा सुट्टीच्या दिवशी आली. घर तसंही तिला आवरायचं होतं. शिक्रापुरात तिनं खोली घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुपारून टेम्पो यायचा होता. खाट, गादी, भांडी, सगळं जायचं होतं.

तिनं जोड उघडले, पुसले, परत बांधले. बटन दाबलं. बांधापलीकडून सुवर्णा ओरडली, "लागला!" सोडलं. "विझला!"

"काय दोष न्हाई आबा. ओलीनं लागला असता तर मिणमिणला असता."

"भगभगीत लागतोय."

"मग कोणीतरी दाबतंय." ती हसायला गेली आणि मधेच थांबली. तिचं लक्ष चादरीवर गेलं होतं. तिनं चादर ओढून पुन्हा खोचली, जरा घाईनंच. "जुनं बटन हाय. आतली पत्री चिकटत असंल. मी काढूनच टाकते. घ्या, पप्पांची आठवण म्हणून ठिवा."

तिनं बटन वायरीतून सोडवून त्याच्या तळहातावर ठेवलं. ज्वारीच्या दाण्यांच्या चिमटीएवढं. तात्याबानं ते बंडीच्या खिशात टाकलं. वायरीची दोन उघडी टोकं उशीवर पडून राहिली.

"झालं," दबोरा म्हणाली. "आता कसा लागतोय बघू."

त्या दिवशी दिवा लागला नाही.

५

दुसऱ्या दिवशी जेवून तात्याबा ओसरीत आडवा झाला होता. वारा पडलेला. सुवर्णा सुपात बी पाखडत होती. ती मधेच थांबली.

"मामा, काय वाजलं वो?"

"काय?"

"टिक करून. तुमच्याकडनंच आलं."

तात्याबानं ऐकलं होतं. छातीवरच वाजलं होतं. नख मारल्यासारखी एक बारीक टिक, आणि मग काही नाही. तो दुसरीची वाट बघत निजून राहिला. खिशावर त्यानं हात नेला नाही. म्हशीनं रवंथ केला, शेवग्यावर साळुंकी बोलली, सुपात बी सरकलं. दुसरी टिक आली नाही.

त्यानं उठून बसून खिशात चिमूट घातली आणि बटन काढलं.

लाल टोपी आत दबलेली होती.

त्यानं नखानं उचकून पाहिली. वर येईना. खिशातली माती अडकली असेल म्हणून फुंकर मारली. बटन पालथं केलं, झटकलं, ओसरीच्या दगडावर आपटलं. टोपी दबलेलीच. बटनाला ना वायर, ना सेल. त्याचे चार पाय हवेत होते. ते कुठे काही लावू शकत नव्हतं, कोणाला बोलावू शकत नव्हतं. फक्त दबून राहू शकत होतं.

"मोडलं असंल," सुवर्णा म्हणाली.  "टाकून द्या मामा. उकिरड्यावर टाका."

तात्याबा बटनाकडे बघत होता. तो जिन्याखालचा बाक त्याला आठवत होता, आणि काच. एकदाच तिच्यातून बघू दिलं होतं, तेव्हा पलीकडे शमुवेलचं बोट चादरीवर काहीतरी दाबून धरत होतं. नर्स म्हणाली होती, "असं होतं, आजोबा. नुसती हालचाल असते ती."

पाणी नव्हे. कूस नव्हे. ते त्याला तेव्हाच कळलं होतं.

"येतो," तात्याबा बटनाला म्हणाला. "येतो की बाबा."

टिक.

टोपी वर आली.

सुवर्णाच्या हातून सूप निसटलं आणि बी ओसरीभर झालं. तात्याबानं पायतण चढवलं.

६

टेम्पो दारात लागला होता. भांड्यांची पोती चढली होती. ड्रायव्हर आणि हमाल खाट उचलायला वाकलेच होते.

"ठिवा ती खाली," तात्याबा म्हणाला.

"आजोबा, पुढचं भाडं हाय मला—"

"ठिव म्हणलं ना."

दबोरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं आबा?"

"मला बसायचंय."

"कुठं?"

"हितं. तुझ्या बापाजवळ."

 मग तिनं ड्रायव्हरला बाहेर नेलं, चहाचं काहीतरी सांगितलं, आणि परत येऊन उंबऱ्यात उभी राहिली. "मी प्रार्थना करू का?"

"तू तुझी प्रार्थना कर. मी माझी सावड करतो."

बटन वायरीला जोडायला त्याला वेळ लागला. बोटं जाड, पाय बारीक. कुठले दोन आतून जोडलेले आणि कुठले नाहीत, हे त्यानं दोनदा फिरवून पाहिलं. यात चूक होऊन चालणार नव्हती. बटन दाबलं. पलीकडून सुवर्णाचा आवाज आला, "लागला, मामा!" सोडलं. "विझला!"

बटन त्यानं उशीजवळ ठेवलं, जिथे असायचं तिथे, आणि खाटेशी जमिनीवर मांडी घालून बसला. डावा हात गुडघ्यावर. उजवा हात उचलला आणि चादरीवर, जिथे शमुवेलचं मनगट असायचं तिथे, ठेवून दिला.

चादर गार होती. खाली गादी, गादीत काथ्या. दुसरं काही नव्हतं. बाहेर ड्रायव्हर हिंदीत फोनवर बोलत होता. उंबऱ्यात दबोराचे ओठ हलत होते. तात्याबाला स्वतःची लाज वाटू लागली. सत्तरी कधीच ओलांडलेला माणूस, रिकाम्या खाटेला धरून बसलेला.

खाटेची कडी करकरली.

एकदाच. कोणी कूस बदलावी तशी. गादीतला खळगा त्याच्या डोळ्यांसमोर सावकाश खोल झाला आणि चादर त्यात ओढली जाऊन चारी कोपऱ्यांना ताठ झाली.

टिक.

"मामा!" बांधापलीकडून सुवर्णा ओरडली. "दिवा लागलाय! आता सोडा की बटन, झालं की बघून!"

तात्याबाचा एक हात गुडघ्यावर होता, एक चादरीवर. बटन उशीजवळ होतं. त्याची लाल टोपी दबलेली होती, आणि खिडकीतून सरळ येणारं ऊन बटनाच्या कडांवर पडत असूनही त्या टोपीवर, नखाएवढ्या जागेवर, पडत नव्हतं.

त्यानं तिकडे पुन्हा पाहिलं नाही. पाहायची गरजही उरली नव्हती. त्याच्या तळव्याखाली आता काहीतरी होतं. ऊब नव्हती. गारवाही नव्हता. वजन होतं. आणि त्या वजनाला खाली ओढ होती.

ती ओढ त्याला ओळखीची होती. गोठ्यात त्यानं ती दुसऱ्या बाजूनं भोगली होती.

त्याचा खांदा खाटेला टेकला. मनगट दुखू लागलं, मग कोपर. एकदा तर वाटलं, आपणही चाललो. पायाखालची जमीन सैल झाली, निलगिरीचा वास गेला आणि ओल्या मातीचा आला. सोडलं असतं तर सुटला असता. शमुवेललाही तेव्हा सोडता आलं असतं. तात्याबानं गुडघे जमिनीत रोवले, दात आवळले आणि मूठ घट्ट केली.

"हाय," तो हळूच म्हणाला. "हितंच हाय मी. तू जा निवांत."

दबोराची प्रार्थना थांबली होती. ती उंबऱ्यातून आत आली नाही आणि बाहेरही गेली नाही. खिडकीतलं ऊन खाटेवरून उतरलं, जमिनीवर आलं, भिंतीला चढलं. पलीकडे सुवर्णा ओरडायची थांबली होती.

मग ओढ सैल झाली. तुटली नाही, नांगर रानाच्या कडेला, तासाच्या शेवटाला आला की बैल जसे आपोआप उभे राहतात, तशी थांबली. तळव्याखालून वजन हलकं होत गेलं. चादर वर आली आणि खळग्यावर तरंगली.

टिक.

"विझला, मामा," सुवर्णाचा आवाज आला. ती बांधावर येऊन उभी होती.

तात्याबाला उठायला खाटेचा आधार घ्यावा लागला. त्यानं वायर सोडवली, बटन चादरीवर ठेवलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"उचला आता खाट."

दबोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती काही विचारणार तेवढ्यात त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"फिटली," तो म्हणाला, आणि बांधाकडे चालू लागला.